कुलूप लावून कापणीच्या सणाला

पुण्यात ऑक्टोबर लागला की हवेबद्दल लोक दोनच वाक्यं बोलतात. एक, "काय उकडतंय हो," आणि दुसरं, "थंडी पडू दे जरा, मग बघू." शरद ऋतू म्हणून जे काही असतं ते आमच्या सदाशिव पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर फारसं पोचत नाही. आभाळ निळंभोर होतं, चांदणं स्वच्छ पडतं, हे मलाही माहीत आहे. तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. पण ते आभाळ बघायला गॅलरीत उभं राहावं लागतं, आणि आमची गॅलरी मी गेल्या वर्षी जाळी मारून बंद करून घेतली. सासूबाई तिथून वाकून खाली चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना जेवायला हाका मारायच्या.

मग एकदा त्या स्वतःच खाली गेल्या. मी आंघोळीला गेले होते तेवढ्यात. गुडघे कामातून गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही, तरी तीन मजले उतरल्या कशा हे देवालाच ठाऊक. उतरल्या खऱ्या, पण चढता येईना. शेवटी त्याच अभ्यास करणाऱ्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणलं. त्या दिवसापासून दारालाही आतून कुलूप लागलं आणि किल्ली माझ्या कमरेला. घरात दोन बायका, आणि दोघीही कुलपात. एकीला ते कळत नव्हतं, दुसरीला कळत होतं, एवढाच फरक.

आमचे हे चार वर्षांपूर्वी गेले. मागे उरलो आम्ही दोघी, मी आणि त्यांची आई. मुलगी बंगळूरला, नोकरीत आणि जुळ्या मुलांत गळ्यापर्यंत बुडालेली. नणंद चिंचवडला. मी दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी मला चाकांची बॅग भेट दिली होती. "आता हिंडा मनसोक्त," असं भाषणात म्हणाले. मीही ते खरं मानलं होतं. त्याच पावसाळ्यात सासूबाई विसरायला लागल्या. आधी चष्मा विसरल्या, मग गॅस बंद करायला, मग मुलगा गेल्याचं, आणि सगळ्यात शेवटी मला.

तीस वर्षं त्यांनी मला "सूनबाई" म्हटलं, तेही जरा वरच्या पट्टीत. माझी आमटी त्यांना कधी पटली नाही आणि त्यांची शिस्त मला. आता मी त्यांच्या लेखी कामाला ठेवलेली बाई झाले. त्यांची पुण्यात कमावलेली शुद्ध भाषाही हळूहळू गळाली आणि नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या खेड्यातली वर आली. "अवो बाई, वाईच पानी द्या." सून असताना मिळाला नाही एवढा मान मला मोलकरीण झाल्यावर मिळत होता. मैत्रिणीला फोनवर हे सांगताना मी हसायचे, पण फोन ठेवल्यावर हसू येत नसे.

सगळं गेलं, एक मात्र गेलं नाही. सासूबाई मुलींच्या एका बोर्डिंगात मेट्रन होत्या. त्यांची सारी हयात तिथे गेली. ऐंशी मुली, दोन वेळची पंगत, आणि प्रत्येक पंगतीआधी मेट्रनबाईंची प्रार्थना. ती संपली की ऐंशी मुलींनी एका आवाजात "आमेन" म्हणायचं आणि मगच ताटाला हात लावायचा. घरीही तोच नियम. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी भुकेच्या भरात आधीच घास घेतला होता, तर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलेले नाही.

तो नियम त्यांच्यात इतका मुरला होता की आजारालाही तो काढता आला नाही. उलट आजारानं तो वाढवला. दोन घास खाऊन झाले की त्या थांबत. समोर भरलेलं ताट दिसे. म्हणजे जेवण सुरू व्हायचंय, म्हणजे प्रार्थना राहिलीय. पदराला हात पुसत, जोडत, डोळे मिटत. "देवा, आमच्या बापा, ह्या अन्नाबद्दल आमी तुजे उपकार मानतो. ज्यांनी पिकवलं त्यांच्याबद्दल, ज्यांनी रांधलं त्यांच्याबद्दल." आणि मग थांबत, माझ्या आमेनसाठी. मी म्हटलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. म्हटलं तर दोन घास, आणि पुन्हा पहिल्यापासून. एका जेवणात मी एकदा मोजल्या, अकरा प्रार्थना झाल्या. भात कोरडा पडला, पोळीचा पापड झाला, तरी आमचं उपकार मानणं संपेना.

मदतीला म्हणून एका ब्युरोतून मावशी आणल्या होत्या. चांगल्या होत्या, स्वच्छ होत्या. आठव्या दिवशी म्हणाल्या, "ताई, म्हातारीचं सगळं करीन मी, पण मला एवढं देवाचं नाही जमायचं." आणि गेल्या. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना जाता येत होतं.

मी देवाशी भांडले नव्हते. भांडायला समोरासमोर यावं लागतं. मी अबोला धरला होता. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तोंडानं आमेन म्हणायचं आणि मनात हिशेबाला बसायचं, की अजून किती वर्षं? या ऐंशीच्या पुढच्या, मी साठीच्या उंबरठ्यावर. गुडघे सोडले तर यांची प्रकृती माझ्यापेक्षा ठणठणीत. या विचाराच्या टोकाला काय येतं ते मला दिसायचं आणि माझीच मला किळस यायची. रविवारी चर्चला जाणं तर वर्षभर बंदच होतं. बाहेर म्हणजे समोरच्या काकू पंधरा मिनिटं येऊन बसल्या तर कोपऱ्यावरून दूध आणि औषधं, बस.

अशात चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नीचा फोन आला. कापणीच्या सणाला माझी साक्ष ठेवली होती.

हे दोन्ही जरा सांगायला हवं. कापणीचा सण आमच्या चर्चच्या मंडळीत ऑक्टोबरच्या शेवटी होतो. खेड्यातल्या आमच्या आधीच्या पिढ्या नव्या पिकाची पहिली कणसं देवापुढे ठेवायच्या, तो रिवाज. पुण्यात आम्ही काही पिकवत नाही, म्हणून मंडईतून विकत आणलेलं अर्पण करतो. वेदीपुढे ऊस उभे बांधतात, भोपळे, कणसं, पेरू, केळ्यांचे घड, घरी केलेले केक, एखाद वर्षी पाय बांधलेली कोंबडीसुद्धा. उपासना झाली की बाहेर मांडवात त्याच वस्तूंचा लिलाव होतो आणि बहुतेक भोपळे फिरून ज्याच्या त्याच्या घरी जातात. त्या उपासनेत एकजण उभं राहून साक्ष देतो, म्हणजे देवानं वर्षभरात आपलं काय भलं केलं ते सांगतो. साक्षीचा एक साचा असतो. मी खड्ड्यात होतो, मी हाक मारली, देवानं मला बाहेर काढलं. जो अजून खड्ड्यातच आहे त्याला साक्ष द्यायला कोणी बोलवत नाही.

"तुमचा विषय 'सेवेतील आनंद' असा दिलाय साहेबांनी," त्या म्हणाल्या. "छापायलाही गेलंय."

"अहो, पण मी वर्षभर चर्चला आलेले नाही."

"म्हणूनच तर! आम्ही सगळ्या तुमचं उदाहरण देत असतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही, कारण माझ्या डोक्यात तोवर एकच गोष्ट शिरली होती: त्या निमित्तानं मला रविवारची अख्खी सकाळ घराबाहेर राहता येणार होतं. साक्षीचं मला काही पडलं नव्हतं. मला बाहेर जायचं होतं, आणि ती इच्छा इतकी मोठी झाली होती की पुढचे तीन आठवडे मी तिच्यावर जगले. इरकली साडी काढून वाऱ्यावर टाकली. फुलस्केपच्या दोन पानांवर साक्ष लिहून काढली. भाषा उत्तम होती, शिक्षिकेलाच शोभणारी. खरं वाक्य त्यात एकही नव्हतं.

नणंद शनिवारी संध्याकाळी येणार होती. शनिवारी म्हणाली रविवारी सकाळी सातला येते. रविवारी पावणेआठला तिचा फोन आला.

"वहिनी, अहो अचानक पाहुणे आलेत. तुम्हीच बघा ना काहीतरी. आणि खरं सांगू का, आईला तसं बघवतच नाही हो मला."

"बघवत नाही तर डोळे मिटून बसा ताई, पण या," मी म्हटलं. तिनं फोन ठेवला.

समोरच्या काकू लेकीकडे गेलेल्या. मी इरकली नेसून, केस विंचरून, चपला घालून उभी, आणि सासूबाई टेबलाशी बसून उपमा खात होत्या. तिसरी प्रार्थना नुकतीच झालेली. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला कळलं की मी आज जाणार आहे. कोणी येवो न येवो.

मी सिलिंडरचा रेग्युलेटर काढला. सुऱ्या, आगपेटी, फिनेलची बाटली वरच्या कपाटात टाकली. न्हाणीघराला कडी घातली. ताटलीत एक केळं चिरून आणि दोन बिस्किटं ठेवली, पाण्याचं भांडं जवळ ठेवलं. त्या पडू शकतात, घाबरू शकतात, दार बडवून बडवून दमू शकतात, हे सगळं मला माहीत होतं. न कळत झालेली चूक नव्हती ती. मी बाहेर आले, दार ओढलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

जिना उतरताना मला जो आनंद झाला त्याची अजून लाज वाटते. पहिला मजला येईस्तोवर मी जवळजवळ धावत होते.

रस्त्यात ऊन कोवळं होतं. फुलवाल्यांनी शेवंतीचे ढीग मांडले होते, दिवाळीच्या आकाशकंदिलांच्या दोऱ्या बांधणं चाललं होतं, आणि डोक्यावर एवढं मोठं निळं आभाळ की मला मध्येच थांबावं लागलं. मागून एक स्कूटरवाला म्हणाला, "काकू, नक्षत्रं दिवसा दिसत नाहीत, सरका." मला त्याचाही राग आला नाही. वर्षभरात माझ्याशी असं कोणी उगाच खेकसलं नव्हतं.

चर्चमध्ये ऊस आणि पेरूंचा वास दरवाज्यापर्यंत आला होता. मी सगळ्यात मागच्या बाकावर बसले. शेजारी एक निवृत्त परिचारिका असतात, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. पांढरे आखूड केस, बोलणं तुटक, आमच्यातला नेहमीचा सलामही तुटकच.

"सलाम. किती महिन्यांनी! सासूबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"कोण आहे त्यांच्यापाशी?"

"नणंद," मी म्हणाले. तोंडातून सरळ निघालं, अडखळलेसुद्धा नाही.

गीत सुरू झालं. मी पुस्तक उघडलं, पण गायले नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत पिकांबद्दल उपकार मानले, खडकवासला भरलं आणि यंदा पाणीकपात टळली त्याबद्दल मानले, नोकऱ्यांबद्दल, परदेशी गेलेल्या मुलांबद्दल. सगळे डोळे मिटून बसले होते आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. सव्वानऊ. केळं खाऊन झालं असेल. नाही, खाणार कशा, आमेन म्हणायला कोण आहे? हे माझ्या आधी लक्षात आलंच नव्हतं. ऐंशी मुलींच्या आमेनशिवाय घास न घेणाऱ्या बाईपुढे मी ताटली ठेवून आले होते. वर्षभर ज्या घरातून सुटायला मी तडफडत होते, त्या घरातच मी बसले होते. मला बाहेर पडता आलेलंच नव्हतं.

साक्षीसाठी माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले, माईकपाशी कागद उलगडला.

आता पहिल्या बाकावरच्या एका आजोबांबद्दल सांगायला हवं. ते चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळींतले जुने सदस्य आहेत. कान जवळपास गेलेत, पण साक्ष चालू असली की प्रत्येक वाक्यानंतर मोठ्यांदा "प्रभूची स्तुती असो!" म्हणायचं हे व्रत त्यांनी सोडलेलं नाही. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की ते म्हणतात.

"प्रिय मंडळीला सलाम," मी वाचलं. "गेल्या वर्षभरात मला सासूबाईंची सेवा करण्याची सुसंधी मिळाली."

"प्रभूची स्तुती असो!"

मी पुढच्या वाक्याकडे पाहिलं. 'सेवेतून मिळणारी शांती.' अक्षर सुरेख होतं. मला ते वाचता आलं नाही.

"हे मी लिहून आणलंय ते खोटं आहे," मी म्हटलं.

"प्रभूची स्तुती असो!"

तरुण मुलींच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मी कागदाची घडी घातली.

"मी सासूबाईंना घरात कोंडून आलेय. बाहेरून कुलूप लावून. त्यांच्यापाशी कोणी नाही. मघाशी सिस्टरना मी नणंद त्यांच्यापाशी आहे म्हणून सांगितलं, तेही खोटं."

"प्रभूची स्तुती असो!" आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या पत्नीनं त्यांची बाही ओढली. या वेळी कोणी हसलं नाही.

"तुम्ही माझं उदाहरण देता, देऊ नका. मला त्यांचा राग येतो. मला देवाचा राग येतो. वर्षभरात मी मनापासून एकदाही उपकार मानलेले नाहीत. मला त्या घरातून सुटायचंय आणि मी त्यांना टाकूनही जाऊ शकत नाही. मला काय करावं ते कळत नाही. एवढीच माझी साक्ष."

मी थांबले. आजोबाही थांबले होते. बाहेर मांडवात कोणीतरी लिलावासाठी टेबलं सरकवत होतं, तेवढाच आवाज. पाळकसाहेब उठून पुढे आले आणि त्यांनी प्रार्थनेसाठी हात वर केले. तेवढ्यात मागून सिस्टर ताडताड चालत आल्या.

"साहेब, प्रार्थना आम्ही गेल्यावर करा," त्या म्हणाल्या. "चला हो बाई. किल्ली कुठाय?"

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी निघाले. रहदारीतून मागे न बघता त्या ओरडल्या, "वर्षभर एकटीनं करताय आणि कोणाला सांगितलं का नाहीत?"

"कोणी विचारलं?"

"मघाशी मी विचारलं. तेव्हा 'बऱ्या आहेत' म्हणालात."



जिना चढताना आतून काहीच ऐकू येत नव्हतं. ना हाका, ना दार बडवणं. मी घाईनं किल्ली उलटीच घातली, ती कुलपात जाईना. शेवटी सिस्टरनी ती माझ्या हातातून घेतली. दार उघडायला लागलं तर आतून काहीतरी अडत होतं. "हळू," सिस्टर म्हणाल्या, "दारापाशीच आहेत." आम्ही दार इंचाइंचानं सरकवलं.

सासूबाई दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. पाठ चपलांच्या स्टँडला टेकलेली, पाय पसरलेले, लुगडं ओलं झालेलं. मांडीवर ताटली. केळ्याच्या फोडी काळ्या पडल्या होत्या, दोन्ही बिस्किटं तशीच.

"आई, पडलात का? लागलं का कुठे?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सकाळीच त्यांनी मला ह्याच इरकलीत पाहिलं होतं, पण आता ओळखलेलं दिसलं नाही. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. म्या पडले न्हाई. राखण करतीया."

"कसली राखण?"

"ती बाई हाय न्हवं हितं कामाला? ती गेलीया भाईर." त्यांचा आवाज गुपित सांगावं तसा खाली आला. "लई गुणाची हाय. पर तोंडावर हसू म्हनून न्हाई. सारा दिस आतच. आज चांगलं लुगडं नेसून गेली. म्या म्हनलं, जाऊ दे. कुनी इचाराय आलं तर सांगायचं, निजलीया म्हनून. मागारी बोलवू नगा तिला."

सिस्टरनी माझ्या दंडाला धरलं.

"आणि तुम्ही खाल्लं का नाहीत?" सिस्टरनी विचारलं.

"तिच्यासाठनं ठिवलंय. भुकेली यील की." मग ताटलीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "परार्थना केलीया. म्हनलं देवा, तिला मोकळी कर. आमचं काय, आमी हितंच हाय."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि मोठ्यांदा रडले. यांच्या मुलाच्या दफनालाही मी असं रडले नव्हते. तेव्हा माणसांकडे बघायचं होतं, चहाचं बघायचं होतं. इथे बघायला काही उरलं नव्हतं. मी ज्यांच्या तावडीतून सुटायला देवाकडे पाठ फिरवून बसले होते, त्या स्वतः दारात बसून माझ्या सुटकेसाठी देवाशी बोलत होत्या. मला वाटत होतं, या घरात माझ्याकडे कोणाचं लक्षच नाही. त्यांनी माझं तोंड पाहिलं होतं. नाव विसरल्या होत्या, नातं विसरल्या होत्या, पण मी हसत नाही हे त्यांना दिसत होतं. मला त्यांच्याबद्दल तेवढंही दिसलं नव्हतं.

रडून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "झालं? आता खांद्याखाली धरा, मी तीन म्हणते." आम्ही दोघींनी त्यांना उचललं, आंघोळ घातली, कोरडं नेसवलं. सिस्टरनी माझ्या स्वयंपाकघरात स्वतःच चहा शोधून केला, साखर कुठे ठेवता म्हणून मला रागावल्या आणि पाठ तपासताना सासूबाईंच्या अंगावर जखम नाही याचं मला प्रशस्तिपत्र दिलं. जाताना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी मी बसते इथे. माझी प्रार्थना कुठेही होते. तुम्ही चर्चला या, नाहीतर सिनेमाला जा. आणि मधल्या आठवड्याला बायकांची पाळी मी लावते. त्यांना भोपळे मांडायचं काम पुरे झालं."

उगीच गोड करून सांगायचं नाही मला. दार आजही आतून बंदच असतं. पाळीच्या बायका कधी येतात, कधी सबबी सांगतात. एका जेवणात अजून नऊ-दहा प्रार्थना होतातच, आणि सहावीपाशी माझा संयम अजूनही सुटतो. आजार पुढेच जाणार आहे. सासूबाईंनी मागितलेली मोकळीक देवानं मला दिली असं मी कोणत्याही माईकवर सांगणार नाही. पण त्या दिवशी दुपारी जे झालं तेही खरं आहे.

सिस्टर गेल्यावर मी साडी न बदलताच पानं घेतली. वरण-भात, फरसबीची भाजी, पोळ्या. सासूबाईंनी हात जोडले. पिकवणाऱ्यांबद्दल उपकार मानून झाले, रांधणाऱ्यांबद्दल मानून झाले, आणि मध्येच डोळे उघडून त्यांनी मला विचारलं,

"ती बाई आली का वो?"

"आली," मी म्हटलं.

"कुनी धरून आनली?"

"कुणी नाही. स्वतःहून आली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, ते मला आजवर सांगता येत नाही. मग ताटातली पोळी त्यांनी मधोमध तोडली आणि अर्धी माझ्या पुढ्यात सरकवली.

"मंग बसा की," त्या म्हणाल्या. "खावा. दमला आसाल."

दमला असाल, असं मला त्या वर्षात कोणी म्हटलं नव्हतं. मी बसले, आणि त्या अर्ध्या पोळीबद्दल मी देवाचे उपकार मानले.